फेज, न्यूट्रल आणि बाबा

आमच्या घरात सत्तेची वाटणी अगदी स्पष्ट आहे. दिवे लावायचे आईने आणि मालवायचे बाबांनी. बाकीच्यांनी उजेड असेल तर वाचावं, नसेल तर चाचपडावं. आई तिन्हीसांजेला देवापाशी निरांजन लावते आणि त्याच फेरीत हॉलचा, स्वयंपाकघराचा आणि पॅसेजचा दिवा लावून येते. तिची पाठ वळली की बाबा उठतात. ज्या खोलीत माणूस नाही तिथला दिवा जातो. ज्या खोलीत माणूस आहे पण 'नुसताच बसलाय' तिथलाही जातो. न्हाणीघरातल्या माणसाचा दिवा बाहेरून मालवायचा आणि आतून आरडाओरडा झाला की "अरे, आहेस होय आत?" असं विचारायचं, ही त्यांची पद्धत आहे.

याला कंजूषपणा म्हणणाऱ्यांना बाबांचा इतिहास ठाऊक नाही. त्यांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात झाली आणि निवृत्तीनंतरची पहिली वर्षं भारनियमनात गेली. २००५ साली वीज मंडळाच्या महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या, पण नव्या पाट्या लागल्या म्हणून वीज काही वाढली नाही. दादरच्या मावशीकडे चोवीस तास पंखे गरगरताहेत आणि आपण ठाण्याला नौपाड्यात वेळापत्रक बघून मिक्सर लावतोय, हा अपमान बाबांनी पुठ्ठ्याने वारा घेत घेत मनात जपून ठेवला. तेव्हापासून घरात जळणारा प्रत्येक दिवा त्यांना आपल्याला विचारल्याशिवाय जळतोय असं वाटतं.

आमची इमारत गोखले रोड आणि राम मारुती रोड यांच्या मधल्या एका गल्लीत आहे. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, भिंती किल्ल्याला शोभाव्यात अशा जाड. हॉलमधला बोर्ड लाकडी, त्यावर आठ काळी बटणं. कुठलं बटण कशाचं हे घरातल्यांनाच कळतं. पाहुणे पंखा लावायला जातात आणि ट्यूब घालवून बसतात. डावीकडून सहावं बटण कशाचंच नाही. मी लहानपणी विचारलं होतं, "बाबा, हे कशाचं?" त्यावर उत्तर आलं, "असू दे." ते अजून आहे, आणि बाबा रात्री झोपण्यापूर्वी तेही बंद आहे ना हे बघतात.

२०२० साली लॉकडाउन लागला आणि माझं ऑफिस या बोर्डाखाली आलं. मी पोटासाठी प्रोग्रामिंग करतो. लिहिलेल्या प्रोग्रामचं काय होतं ते दिसत नाही. परदेशात कुठेतरी कुणाचं तरी बिल निघतं म्हणे. मीटिंग सुरू असायची, कॅमेरा चालू असायचा, आणि मध्येच बाबा पॅसेजमधून जाता जाता माझ्या डोक्यावरचा दिवा मालवायचे. बंगळूरच्या साहेबाला मी बोलता बोलता अंतर्धान पावताना दिसायचो. "दिवसाढवळ्या कशाला हवाय दिवा?" हा प्रश्न बाबा माझ्याकडे न बघता विचारत, त्यामुळे तो सगळ्या मीटिंगला ऐकू जायचा.

तेव्हा मला हवा होता, खरं सांगायचं तर, बाबांना मालवता येणार नाही असा दिवा.

निर्बंध सैल झाल्यावर मी लोहार चाळीत गेलो. दिव्यांच्या बाबतीत मुंबईतलं शेवटचं न्यायालय तेच. तिथल्या एका दुकानदाराने धूळ झटकून दोन डिमर आणि चार स्विच काढून दिले. ब्लूटूथवर चालणारे. भिंतीतल्या बोर्डाच्या पोटात बसवायचे, फोनवरून लावायचे-मालवायचे. निम्म्या किमतीत. का, विचारलं तर म्हणाला, "कंपनी बंद पडली, शेठ. माल चांगला आहे." मराठी माणसाला एवढी हमी पुरते.

घरी येऊन कुठूनतरी मिळवलेलं ॲप उघडलं. त्याने आधी आपण कुठे आहोत हे कळण्याची परवानगी मागितली. बाबा चष्म्यातून फोनकडे बघत होते.

"दिवा लावायला याला आपण कुठे राहतो ते कशाला हवंय?"

प्रश्न मूलभूत होता, आणि त्याला उत्तरही आहे. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून पुढे बरीच वर्षं, आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची तर ॲपला ठिकाणाची परवानगी मागावीच लागे. आजूबाजूला कोणकोणती उपकरणं आहेत यावरून फोनवाला कुठे उभा आहे ते ताडता येतं, म्हणून ही अट. हे मी समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे दिवा आपल्यावर नजर ठेवणार." तसं नाही, असं मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात ॲपने जन्मतारीख विचारली.

जन्मतारीख दिल्यावर ॲप परवलीचा शब्द तपासायला आपल्या मालकाच्या सर्व्हरकडे गेलं आणि परत आलंच नाही. सर्व्हर कंपनीबरोबरच गेला होता. दिवा माझ्यापासून चार फुटांवर, फोन हातात, आणि दोघे मिळून समुद्रापलीकडच्या एका बंद पडलेल्या ऑफिसच्या उत्तराची वाट बघताहेत. बाबांनी शांतपणे काळं बटण दाबून ट्यूब लावली आणि लगेच मालवली. त्यांना फक्त दाखवायचं होतं.

इथे लायब्ररी कामाला आली. पुस्तकांची नव्हे; दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रामला आयता वापरता येणारा प्रोग्राम, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. अशा बेवारस उपकरणांसाठी जगात कुणीतरी सज्जन कुठेतरी जागत बसलेला असतो. ॲप जिवंत होतं तेव्हा या सज्जनाने आपल्या फोनमध्ये एक नोंदवही चालू केलेली असते; फोन ब्लूटूथवरून दिव्याशी काय काय बोलतो ते त्यात अक्षर न् अक्षर उतरतं. मग तो एकदा दिवा लावतो, एकदा मालवतो, एकदा अर्ध्यावर आणतो आणि तिन्ही वेळी काय बदललं ते शोधत बसतो. बहुतेक वेळा संभाषण फारच साधं निघतं. एक बाइट सुरुवातीचा, एक बाइट हुकुमाचा, एक बाइट किती उजेड हवा त्याचा, आणि शेवटी बेरीज बरोबर आली की नाही ते तपासायला एक. कमी विजेवर चालणारं हे ब्लूटूथ २०१० साली ४.० या आवृत्तीत आलं, तेव्हा त्याच्या एका निरोपात वीस बाइट मावतील असं ठरलं. दिवा लावायला तेवढे खूप झाले. आमच्याकडे "अगं, तो पॅसेजमधला जरा लाव बघू" एवढ्यालाही त्याहून जास्त लागतात.

त्या सज्जनाने हे सगळं पायथन भाषेत नीट बांधून जगाला फुकट देऊन टाकलं होतं. खाली पाया म्हणून ब्लीक नावाची लायब्ररी, जी विंडोज, मॅक, लिनक्स कुठल्याही संगणकावरून ब्लूटूथशी बोलते. तिच्यावर त्याची छोटीशी लायब्ररी, जी फक्त याच डिमरांशी बोलते. उपकरणात काही ठरावीक जागा असतात, त्यांना लांबलचक क्रमांक असतात. योग्य जागी शून्य लिहा, दिवा गेला. दोनशे पंचावन्न लिहा, लख्ख. मधले सगळे आकडे आपल्या मर्जीचे. परवानगी नाही, जन्मतारीख नाही.

पण आधी डिमर सापडायला हवा, आणि सापडायचा तर हवेतलं सगळं बोलणं ऐकायला हवं. मी संध्याकाळी तो शोधायचा प्रोग्राम चालवला आणि आमची इमारत माझ्या पडद्यावर उतरली. जवळजवळ प्रत्येक ब्लूटूथ उपकरण 'मी इथे आहे, मी इथे आहे' असं सतत पुकारत असतं, आणि पुष्कळ उपकरणं आपलं नावही सांगतात. कुणाचा टीव्ही, कुणाचं घड्याळ, कुणाचे इअरफोन. कितीजणांनी हौसेने त्यांना आपली नावं दिलेली. सिग्नलचा जोर उणे आकड्यात मोजतात: उणे चाळीस म्हणजे खेटून, उणे नव्वद म्हणजे असून नसल्यासारखा. खालच्या मजल्यावरून एक वजनकाटा येत होता. हे काटे कुणी वर उभं राहिल्याशिवाय सहसा बोलत नाहीत. ज्या घरातून तो आला त्या घरातून रोज सकाळी लोणी कढवल्याचा वास येतो. तो काटा पुढे श्रावणात दोन-चारदा बोलला आणि गणपतीत मोदक झाल्यापासून कायमचा गप्प झाला. फोन मात्र शहाणे असतात. ते आपला पत्ता साधारण दर पाव तासाला बदलतात, म्हणजे कुणाला माग काढता येऊ नये. ही सोय माणसांना नाही, नाहीतर वर्गणीच्या दिवसांत नौपाड्यात पुष्कळांनी वापरली असती.

याच सुमारास मी ब्लूटूथ हे नाव कुठून आलं ते वाचलं. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता, त्याला ब्लूटूथ म्हणत. त्याने भांडणाऱ्या टोळ्यांना एका छत्राखाली आणलं, म्हणून इंटेलच्या जिम कार्डाक या इंजिनिअरने १९९७ साली त्याचं नाव सुचवलं, तेही तात्पुरतं. खरी नावं वेगळी ठरत होती, पण त्यांची कायदेशीर तपासणी वेळेत झाली नाही आणि तात्पुरतंच राहिलं. तात्पुरतं म्हणून केलेलं काम कायमचं होणं हे फक्त आमच्या गल्लीत चालत नाही, हे वाचून बरं वाटलं. बाबांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "त्या राजाने किती टोळ्या एकत्र आणल्या?" डॅनिश आणि नॉर्वेजियन, मी म्हटलं. "मग जमलं असेल," ते म्हणाले, "आमच्या सोसायटीत सव्वीस आहेत."

डिमर बसवायला वायरमन आला. गेली तीस वर्षं तो आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचं आतलं-बाहेरचं ओळखून आहे, अर्थात भिंतींच्या आतलं. त्याने बोर्ड उघडला, टेस्टर लावला, टेस्टरमधला लाल दिवा बघितला आणि सुस्कारा सोडला.

"यात न्यूट्रल नाहीये."

"मग कुठे आहे?"

त्याने टेस्टर छताकडे केला. "वर."

जुन्या वायरिंगमध्ये असंच असतं. बोर्डात खाली उतरते ती फेजची वायर. बटणातून निघून ती दिव्याकडे जाते. न्यूट्रल वरच्यावर दिव्यापाशीच येतो, बोर्डाकडे फिरकत नाही. काळ्या बटणाला त्याची गरजच नव्हती; बटण म्हणजे दोन वायरी जोडायच्या किंवा तोडायच्या. पण ब्लूटूथचा डिमर दिवा बंद असतानाही कान देऊन बसलेला असतो आणि त्यासाठी त्याला सतत थोडी वीज लागते. न्यूट्रल नसला की तो ती दिव्यातूनच चोरून घेतो, अगदी थोडी. जुन्या तारेच्या बल्बला ती कळली नसती. एलईडीला कळते. परिणाम असा की दिवा मालवला तरी पूर्ण जाईना, मिणमिणत राहिला.

बाबा त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. आई मात्र खूश झाली. "झिरोचा बल्ब मिळाला की फुकटात! रात्री पाणी प्यायला उठलं की बरं." झिरोच्या बल्बवर आमच्याकडे पूर्वी फार वाद झालेले आहेत. तो दहा-पंधरा वॅट तरी खायचा, पण जुन्या मीटरला तेवढं जाणवत नसे म्हणून त्याचं नाव झिरो. ते बिंग बाबांनीच फोडलं होतं आणि त्याला घराबाहेर काढलं होतं. आता तो मागच्या दाराने परत आला होता, तोही त्यांच्याच मुलाच्या मदतीने.

मग हिशेब झाला. बाबा हिशेब पेन्सिलने, पाकिटाच्या मागच्या बाजूला करतात. डिमर बंद असताना समजा अर्धा वॅट खातो. दिवसाला बारा, वर्षाला चार हजार तीनशे ऐंशी. म्हणजे जवळजवळ साडेचार युनिटं. "एवढ्यात नऊ वॅटचा खरा दिवा रोज संध्याकाळी पाच तास लावला तर तीन महिने जळतो," त्यांनी निकाल दिला. "तुझा दिवा तीन महिन्यांची वीज न लागण्यात घालवणार." मी पेन्सिलीचा हिशेब संगणकावर करून बघितला. बरोबर होता.

यातून मला वाचवलं ते काकांनी. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, विष्णुनगरात राहतात, आणि तरुणपणी हौशी नाटकांना प्रकाशयोजना करायचे. राज्य नाट्य स्पर्धा, कामगार केंद्रं, आणि १९७८ साली मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभं राहिल्यावर तिथे विंगेत उभं राहून चहाची तेरा-चौदा भांडी. लॉकडाउनच्या त्या वर्षी नाट्यगृहं बंद होती आणि काका घरात अगदी वाळून गेले होते. आमच्याकडे डिमर आलाय हे ऐकून ते मास्क लावून थेट तिसरा मजला चढून आले.

"वर ने," ते खुर्चीत बसत म्हणाले. मी दोनशे पंचावन्न लिहिलं. "आता अर्ध्यावर." मी एकशे अठ्ठावीस लिहिलं.

"हे अर्धं?"

"अर्धंच आहे, काका. आकडा बघा."

"आकडा गेला खड्ड्यात. डोळ्याला अर्धं वाटतंय का?"

वाटत नव्हतं. निम्मा उजेड डोळ्याला पाऊणच्या आसपास वाटतो; अर्धा दिसायला पाव करावा लागतो. जगभरच्या नाट्यगृहांतले पुष्कळ डिमर या हिशेबाने, वर्ग करून, बनवतात. हे मी नंतर वाचलं. काकांनी ते विंगेत उभं राहून, डोळ्यांनी शिकलं होतं. त्यांनी मला मिठाच्या पाण्याच्या डिमरची गोष्ट सांगितली. गावोगावच्या प्रयोगांना खरा डिमर कुठला मिळायला, तेव्हा मातीच्या नळकांड्यात मीठ घातलेलं पाणी, त्यात धातूची पट्टी. पट्टी पाण्यात खाली सोडली की दिवा चढायचा, वर ओढली की उतरायचा. करुण प्रसंग लांबला की पाणी उकळायला लागायचं. नटाला वाटे प्रेक्षक हुंदके देताहेत.

मी आकड्यांचा वर्ग करणारी ओळ घातली. काका म्हणाले, "आता फेड. आठ मात्रांत खाली." मी ते लिहिलं. दिवा धक्के खात उतरला, कारण प्रत्येक आकडा पाठवला की हा प्रोग्राम पोच यायची वाट बघे आणि मग पुढचा पाठवी. पोच न मागता पाठवायची सोय लायब्ररीत होती, ती लावली. आता हॉल सावकाश, एकसारखा अंधारत गेला. ट्यूबच्या जागी बसवलेल्या त्या पिवळट दिव्याखाली आमचा सोफा, टीव्हीवरचं कव्हर आणि पाकीट हातात धरून बसलेले बाबा हळूहळू मावळले. काकांनी अंधारात जोरात "ब्लॅकआउट!" म्हटलं. शेजारच्या काकूंनी दार उघडून, "लाइट तुमचीच गेली का?" असं विचारलं. आमच्या इमारतीत हे वाक्य नमस्कारासारखं वापरतात.

त्यानंतर बरेच दिवस काका रोज येत. संध्याकाळ कशी उतरावी याच्या त्यांनी मला सूचना दिल्या. जेवणाचा उजेड वेगळा, पत्त्यांचा वेगळा, आईच्या मालिकेचा वेगळा. मालिकेत सासू आली की किंचित उतरवायचा. हे काही त्या लायब्ररीला कळण्यासारखं नव्हतं, त्यामुळे मी लॅपटॉप घेऊन बसत असे. माझ्या ऑफिसच्या प्रोग्रामला असा प्रेक्षक कधी लाभला नव्हता.

अडचण आली ती आतल्या खोलीची. हॉल आणि ती खोली यांच्या मधल्या भिंतीला लोखंडी कपाट लागून आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि लोखंडापुढे त्याचं काही चालत नाही. कपाट हलवावं, असं मी सुचवलं. आईने माझ्याकडे बघितलं. ते कपाट तिच्या लग्नातलं आहे आणि माझ्या जन्माआधीपासून त्या भिंतीला आहे. माझी सेवाज्येष्ठता कमी पडली.

यावर उपाय म्हणजे मेश. ब्लूटूथच्या दिव्यांनी एकमेकांना निरोप पोचवायचे, ही पद्धत २०१७ साली अधिकृत झाली, पण आमच्या डिमर बनवणाऱ्यांनी तिची आपली एक घरगुती आवृत्ती आधीच घातलेली होती. मेशमध्ये निरोप कुणा एकाकडे जात नाही. ज्याला ऐकू येईल तो पुढे सांगतो, त्याच्याकडून ऐकेल तो आणखी पुढे. बातमी पसरण्याची आमच्या जिन्यातली रीत हीच. तळमजल्यावर कुणाच्या मुलीचं ठरलं की दुधाच्या पिशवीबरोबर ते तिसऱ्या मजल्यावर येतं. फरक एवढाच, की मेशमध्ये प्रत्येक निरोपावर किती जणांनी पुढे सांगायचं याचा आकडा असतो, तो दर टप्प्याला एकाने कमी होतो आणि शून्याला पोचला की निरोप मरतो. शिवाय एकदा ऐकलेला निरोप कुठलाही दिवा पुन्हा सांगत नाही. या दोन अटी आमच्या जिन्यात घातल्या तर दुपारी दोन ते चार बोलायला काही उरणार नाही. असो. पॅसेजच्या स्विचने ऐकलं, न्हाणीघराच्या स्विचने उचललं आणि कपाटाला वळसा घालून निरोप आतल्या खोलीत पोचला.

मग १२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार उजाडला. सकाळी दहानंतर वीज गेली. आमची गेली यात नवल नव्हतं, पण कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडाने सगळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. ही बातमी कळल्यावर बाबांनी पहिला फोन दादरला मावशीला लावला.

"गेली का?" त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर ऐकलं. "अरेरे," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला, आणि साखर नेहमीची घाल म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं शांत पाहिलं नव्हतं. "कळव्याहून होतं सगळं," ते मला समजावत होते, जसं काही ते स्वतःच जाऊन करून आले होते. "इथून, खाडीपलीकडून."

हा आनंद वीज परत येईपर्यंत टिकला. वीज आली आणि घरातले सगळे नवे दिवे भर दुपारी, पूर्ण ताकदीने, एकदम पेटले. स्मार्ट दिव्यांची ही जात असते. वीज जाऊन आली की आपण कुठल्या स्थितीत होतो हे त्यातले पुष्कळ विसरतात आणि सावधगिरी म्हणून लख्ख होतात. बाबा उठले. हॉलमधलं बटण दाबलं, पॅसेजकडे गेले, न्हाणीघर, आतली खोली. धापा टाकत परत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

"हे तुझं यंत्र सगळे दिवे एकदम मालवू शकतं?"

शकतं, मी म्हटलं. एका ओळीचं काम होतं. लायब्ररीत सगळ्या उपकरणांना एकच निरोप धाडण्याची सोय आहे. मी जुन्या फोनवर एक मोठं लाल बटण काढून दिलं. बाबांनी ते दाबलं. अख्खं घर गेलं. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि चष्मा पुसला.

तेव्हापासून ते उठत नाहीत. आरामखुर्चीत बसून फोन मांडीवर ठेवतात. आतल्या खोलीत कुणी 'नुसतंच बसलंय' हे त्यांना भिंतीतून कळतं. प्रोग्राम प्रत्येक दिवा केव्हा लागला, केव्हा गेला याची नोंद ठेवतो, हे त्यांना काकांकडून समजलं; त्यांनी ती दर रविवारी छापून मागितली. नाश्त्याच्या वेळी ते चष्मा वर करून वाचतात. "बुधवारी रात्री अकरा चाळीस ते बारा पाच, न्हाणीघर. कोण होतं?" पूर्वी संशयाचा फायदा तरी मिळायचा.

आईची बाजू सांभाळायला मी दुसरी एक लायब्ररी आणली, ॲस्ट्रल नावाची. अक्षांश-रेखांश दिले की ती सूर्यास्ताची वेळ काढते. डिसेंबरात ठाण्यात सहा वाजता अंधारतं, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्याही पुढे. तेव्हा घड्याळाच्या एका ठरावीक वेळेला दिवे लावण्यात अर्थ नव्हता. मी आईला अभिमानाने दाखवलं: आजचा सूर्यास्त इतके वाजून इतकी मिनिटं, दिवे बरोबर त्याच वेळी लागणार. आईने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "यात आहे की," ती म्हणाली. एका मिनिटाचाही फरक नव्हता. दिवे आपोआप लागतात, पण ती फेरी मारतेच, आणि प्रत्येक खोलीत लागलेल्या दिव्याकडे बघून मान डोलावते, म्हणजे तो तिच्या परवानगीने लागल्यासारखं होतं. निरांजनाला ब्लूटूथ नाही.

आता आमची इमारत पाडायची ठरते आहे. नौपाड्यात इमारत पाडायची ठरत असते. आमची ठरायला लागून बरीच वर्षं झाली. मागच्या सर्वसाधारण सभेला बिल्डरचा माणूस आला होता, गळ्यात टाय, हातात चकचकीत पुस्तिका. गच्चीवर चालायची वाट, तळघरात व्यायामशाळा आणि प्रत्येक घर स्मार्ट. दिवे फोनवर, पडदे फोनवर. सभासद नेहमीप्रमाणे कार्पेट एरिया, भाडं आणि कॉर्पस यांवर भांडत होते. बाबा मागच्या रांगेत बसले होते. ते उठले.

"बोर्डात न्यूट्रल येणार का?"

बिल्डरच्या माणसाने पुस्तिका उलटसुलट केली. सभागृह गप्प झालं. न्यूट्रल म्हणजे काय हे बाबा, मी आणि तो वायरमन सोडून इमारतीत कुणाला माहीत नव्हतं, पण बिल्डर अडखळला एवढं सगळ्यांना दिसलं.

"ते... बघून सांगतो, काका."

"बघून काय सांगतो?" दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा उसळले. "आधीच्या बिल्डरनेही दिलं नव्हतं!"

"आणि सगळ्यांना सारखं पाहिजे," लोणी कढवणाऱ्या काकू म्हणाल्या. "नुसतं वरच्या मजल्यांना देऊन चालणार नाही."

सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घेतलं: प्रत्येक सभासदास न्यूट्रल, विनामूल्य, न दिल्यास त्याबदली कॉर्पसमध्ये वाढ. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीत एकमताने मंजूर झालेला तो पहिलाच ठराव, आणि सूचक म्हणून बाबांचं नाव आहे. अनुमोदक म्हणून सही करायला अण्णांनी पेन काढलं आणि बाबांना हळूच विचारलं, "साधारण किती चौरस फूट असतं हो ते?"